गुरुवारची पोळी

दुबईत येऊन माझी एकच सवय कायमची सुटली, ती गुरुवारी कुत्र्याला पोळी घालण्याची. दत्ताचा वार. माहेरी वडील पहिली पोळी दारातल्या कुत्र्याला घालायचे आणि मगच जेवायला बसायचे. आम्ही राहतो त्या मरीना भागात कुत्री आहेत, नाहीत असं नाही, पण ती बाबागाडीतून फिरतात. त्यांच्यापुढे पोळी टाकली तर मालकीणबाई सिक्युरिटीला बोलावतील. मग मी दर गुरुवारी एक पोळी बाजूला काढायची आणि शुक्रवारी सकाळी चहाबरोबर आपणच खायची.

गेल्या सुट्टीत आमचं क्रूझचं जहाज ग्रीनलंडच्या एका टोकाच्या गावाशी थांबलं. किनाऱ्यावर साखळ्यांनी बांधलेली पन्नास-साठ कुत्री दिसली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा वारच आला. गुरुवार होता.

आदल्या दिवशी जहाजावरच्या गाइड मुलीने सगळ्यांना बजावलं होतं. कुत्र्यांना हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. ही गाडी ओढणारी कुत्री आहेत, लाडाची नव्हेत. मी दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकवते, त्यामुळे सूचना दुसऱ्याला समजावून सांगायची मला भारी हौस. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला मी ते सगळं मराठीतून पुन्हा ऐकवलं. "ओके आई, आय हर्ड," ती म्हणाली.

रबरी होडीतून उतरलो. बर्फ नव्हताच, चिखल, दगड आणि रक्ताचा वास होता. पाण्याच्या कडेला एक बाई सील फाडत होती. हनुवटीपासून शेपटीपर्यंत एक चीर दिली आणि आतडी वाफाळत दगडांवर सांडली. नवरा फोटो काढत तिथेच खिळला. मला मळमळलं, आणि मळमळलं की मला राग येतो. लेकही टक लावून बघत होती, तर तिचं मनगट धरून मी तिला ओढतच कुत्र्यांच्या बाजूला नेलं.

पर्समध्ये दशम्या होत्या. जहाजावरच्या जेवणाचा काय भरवसा, म्हणून घरून आणलेल्या. कडेच्या कुत्र्याचा एक कान फाटलेला होता. तो शेपूट हलवत माझ्याकडे बघत होता आणि आजूबाजूला कोणी नव्हतं.

"आई, डोन्ट. शी सेड डोन्ट."

"गप्प बस. देवाचं आहे."

दशमी पुढे केली आणि जुन्या सवयीने क्षणभर डोळे मिटले. तेवढ्यात अंगठ्याखालच्या मांसात दात घुसले. मी हात खेचला, त्याने उलट दुप्पट जोराने खेचला. शेजारची कुत्री साखळ्या तोडायच्या बेताने एकमेकांवर तुटून पडली. एकाने दुसऱ्याचा गाल फाडला, केसांचे पुंजके उडाले. मी गुरासारखी ओरडत होते. फाटक्या कानाच्या कुत्र्याने हात सोडला तो फक्त खाली पडलेली दशमी गिळण्यासाठी. एक कणही उरला नाही.

माणसं धावली. गाइडने माझ्या हाताला रुमाल आवळला. मागून कुत्र्याचा मालक आला, पन्नाशीचा, खांद्याला बंदूक. तो गाइडशी हळू आवाजात बोलला. ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "माणसाला चावलेला कुत्रा हे लोक ठेवत नाहीत. पण तुम्ही त्याला काही खायला दिलं असेल, तर चूक त्याची नाही असं ते म्हणतात. मग ते त्याला मारणार नाहीत. दिलं होतं का?"

चाळीस सहप्रवासी बघत होते. नवरा बघत होता. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी उभं करते, ती मी.

"नाही," मी म्हणाले.

मालकाने मलाच थेट पुन्हा विचारलं, त्याच्या भाषेत. शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. मी नकारार्थी मान हलवली.

"बट आई, यू..."

मी लेकीच्या थोबाडीत मारली. चांगल्या हाताने, सगळा जोर लावून. तिचं वाक्य तिथेच तुटलं. लोकांना वाटलं, बाई घाबरलीय, शुद्धीवर नाही. गाइडने उलट मलाच जवळ घेतलं.

मालकाने साखळी सोडली. कुत्रा उड्या मारत त्याच्यापुढे निघाला; त्याला वाटलं असेल, गाडीला जुंपायला नेतात. दोघं एका लाल घरामागे गेले. गोळीचा आवाज झाला. सगळी कुत्री एकदम गप्प झाली आणि मग एका सुरात रडायला लागली. जहाजावर परत येईपर्यंत ते रडणं ऐकू येत होतं. मला माझी इतकी किळस आली की मी बेसिनमध्ये ओकले. "खलास, आता विषय नको," नवरा म्हणाला. त्याला माझी दया आली होती, आणि ती मला सहन होत नव्हती.

रेबीजची पहिली सुई जहाजावरच्या डॉक्टरने दिली, उरलेल्या दुबईत घ्यायच्या होत्या. आल्या आल्या मी दवाखाना गाठला. लेकीला बरोबर नेलं, कारण त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि येताना तिची माफी मागायची असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

नर्सने कागद पुढे ओढला. "मॅडम, कुत्ते को छेड़ा था? कुछ खिलाया था?"

निदान इथे तरी खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"नो," लेक माझ्याआधी म्हणाली. "शी डिडन्ट. इट जस्ट बिट हर."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. नर्सने तसं लिहून घेतलं. लेक समोरच्या भिंतीकडे बघत होती. माझा हात पोचणार नाही अशी, एक खुर्ची मध्ये सोडून ती बसली होती.