बाराव्या खड्ड्यातलं मूळ

मागच्या भिंतीवरच्या बाराही मधुमालती आत्यांनीच लावलेल्या. एकतीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर त्या रुग्णालयात माळीकामाला लागल्या, तेव्हा त्यांना पहिलं काम मिळालं ते ही उघडी भिंत झाकायचं. त्यांनी ती झाकली. इतकी झाकली की वेली पुढे खिडक्यांवर चढल्या, तळमजल्याच्या वॉर्डात भर दुपारी दिवे लावावे लागायला लागले आणि मुळं सांडपाण्याच्या नळीत शिरली. आता निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांना शेवटचं काम मिळालं. तीच भिंत उघडी करायची, आणि तिथे कामिनीच्या झुडपाची चोवीस रोपं लावायची.

मी देखभाल विभागात कनिष्ठ अभियंता. वाफ्याचा आराखडा माझा, म्हणून पहिल्या दिवशी टेप घेऊन गेले. वेली तोडताना त्यांना वाईट वाटत असेल असं मला वाटलं, आणि मी तसं विचारलं.

"कशाचं वाईट?" आत्या म्हणाल्या. "लावताना पाठ माझी, काढताना पाठ माझी. वेलीचं काय जातंय, ती दोन्ही वेळा उभीच."

त्यांना सगळं रुग्णालय आत्या म्हणायचं. सूनही आत्याच म्हणायची. डाव्या गुडघ्याला कायम पट्टा, तो वॉर्डातल्या सिस्टरनी दिलेला. खाली बसायचं तर त्या हप्त्याहप्त्यानं बसत. आधी हात टेकायचा, मग उजवा गुडघा, मग थोडं थांबायचं, मग डावा. उठताना तेच उलट्या क्रमानं. त्या बसल्या की शेजारची दोन-तीन कामं आधी उरकून घेत, कारण परत बसायला लागू नये.

सून रोजंदारीवर त्यांच्या हाताखाली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. सासू, सून आणि शाळेत जाणारी नात, अशा तिघी धुलाईखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. खोल्या माळ्याच्या जागेबरोबर मिळालेल्या होत्या. जागा गेली की खोल्याही गेल्या.

आणि जागा जायच्या बेतात होती. अधीक्षकांनी आम्हा तिघींना बोलावून सरळच सांगितलं होतं.

"वरून सांगतात, बागकाम बाहेरच्या कंपनीला द्या. मी म्हटलं, आमच्या माणसांना एक संधी देऊन बघू. लागवडीनंतर सहा आठवड्यांनी मी स्वतः मोजीन. चोवीसपैकी वीस जगलेली दिसली तर जागा ठेवतो आणि तुमच्या सुनेला कायम करतो. नाही दिसली तर माझा नाइलाज आहे."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "वीस काय, चोवीस जगवते."

"आधी जुनं काढ," आत्या म्हणाल्या. "मग नव्याच्या गप्पा मार."

जुनं काढायची त्यांची स्वतःची पद्धत होती. वेल जमिनीलगत कापायची नाही. कमरेइतक्या उंचीवर कापायची आणि वरचा पसारा भिंतीवर तसाच सोडून द्यायचा. आठ दिवसांत पानं वाळतात, वेलीची पकड सुटते, मग ओढली तरी भिंतीचा गिलावा बरोबर येत नाही. खाली जो कमरेएवढा खुंट उरतो त्याच्या भोवती खणायचं, दिसतील ती मुळं तोडायची, आणि मग तोच खुंट धरून मागे-पुढे हलवायचं. खुंटच दांडा. जितका लांब दांडा तितकं जोर लावायचं काम कमी.

"ही तरफ झाली," मी म्हटलं. "आम्हाला पहिल्याच वर्षी होती."

"पहिल्या वर्षीच शिकवली?" आत्या म्हणाल्या. "मग पुढची तीन वर्षं काय करत होता?"

सून हसून हसून कुदळीवर वाकली. ती तिशीची, हाताला चलाख, तोंडालाही. दिवसभर दोघींचं चालू असायचं.

"आत्या, तुम्ही बसा बरं. बसून नुसतं बोला. बोलणं तुमचं उत्तम आहे."

"बसेन गं. उठवायला तुलाच यावं लागेल, म्हणून बसत नाही."

एक खुंट काढायला कधी अर्धा दिवस लागे, कधी अख्खा. मनगटाएवढी, काही ठिकाणी मांडीएवढी मुळं. संध्याकाळी आत्या नळावर हात धुवायच्या तेव्हा बोटं उघडायला वेळ लागायचा. एक-एक बोट दुसऱ्या हातानं सरळ करत बसायच्या, आणि ते कोणी बघितलं तर हात पाण्याखाली धरायच्या. दोन आठवड्यांत अकरा निघाले. मी आराखड्यावर एकेका खुंटापुढे खूण करत गेले.

बारावा कोपऱ्यातला, गटाराच्या झाकणाजवळचा. तो शनिवार होता. रोपं सोमवारी सकाळी यायची होती. सून नातीच्या शाळेत पालकसभेला गेली होती आणि मी सुट्टीवर. आत्या एकट्याच. दुपारपर्यंत खणूनही खुंट तसूभर हलला नाही. मग त्यांनी इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. करवत घेतली, खुंट जमिनीच्या खाली चार बोटं सपाट कापला, वर माती लोटली आणि पायानं दाबली.

हे मला सव्वा महिन्यानंतर कळलं. सोमवारी मी विचारलं, "बारावा?" त्या म्हणाल्या, "झालं." मी खूण केली. खड्ड्यात पहार घालून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

रोपं लागली. तीन आठवडे सगळी टवटवीत होती. मग कोपऱ्यातली पाच माना टाकायला लागली. पानं खालून पिवळी, कडा वाळलेल्या. सून रोज त्यांच्यापाशी बसायची. माती हुंगून बघायची, पानं उलटी करून कीड शोधायची, मला विचारायची, "मॅडम, माती तपासता येते का हो कुठे?" आत्या सकाळी सगळ्यांच्या आधी तिथे जायच्या. त्या पाच रोपांमधून मधुमालतीचे तांबूस कोंब वर यायचे. जमिनीखालचं मूळ मेलेलं नव्हतं. लांब दांडा नसलेलं, मांडीएवढं मूळ तिथलं सगळं पाणी पिऊन घेत होतं, आणि रोपांच्या मुळांना जागाच देत नव्हतं. आत्या कोंब खुडायच्या आणि कनवटीला लावायच्या. घरी जाऊन चुलीत.

पाचव्या आठवड्यात अधीक्षक फेरीवर असताना थांबले. बरोबर सिस्टर, दोन वॉर्डबॉय आणि मी.

"ही पाच का सुकली?"

सून काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "पाणी जास्त होतंय साहेब. नवीन आहे ती. सांगते तिला."

सुनेनं पाइप बंद केला, गुंडाळला, निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती प्लास्टिकचा मग घेऊन यायची. आत्या जिथे असतील तिथे त्यांच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "दोन मग. मोजा." मग पाणी घालायची. बाकी एक शब्द नाही. दोन खोल्यांत तीन माणसं राहतात, त्यात दोन माणसं बोलत नसतील तर तिसऱ्याचे हाल होतात. नात एकदा मला म्हणाली, "घरी आता सगळे निरोप माझ्याकडेच असतात."

मोजणीला तीन दिवस उरले होते. मी सकाळी साडेसहाला पंपघराची नोंद घ्यायला गेले तेव्हा कोपऱ्यातून कुदळीचा आवाज आला. आत्या पाय पसरून मातीत बसल्या होत्या. पाचही रोपं उपटून बाजूला ओल्या पोत्यावर ठेवलेली. खड्डा कोपरभर खोल, आणि त्याच्या मधोमध मूळ, वरून सपाट कापलेलं, कडेनं दहा-बारा तांबूस कोंब.

"आत्या, हे काय?"

"दिसतंय ते." त्यांना धाप लागली होती. "चार दिवस येतेय. रोज वाटतं आज काढीन. आज बसले, तर आता उठवत नाही आणि हेही उठत नाही."

मागून सून आली. हातात मग होता. खड्ड्यात वाकून तिनं बघितलं आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"हा काप माझा नाही. मी तिरका कापते."

"माझा आहे," आत्या म्हणाल्या.

"आणि चार माणसांत माझ्या पाण्याला नाव ठेवलं."

"ठेवलं."

"का?"

आत्यांनी कुदळीचा दांडा गुडघ्यावर आडवा घेतला. "मला नाही झालं, असं म्हणायला जीभ उचलली नाही. तुझं नाव पटकन आलं तोंडात." मग दांड्यावरची माती नखानं काढत, "दमले गं मी. पण ते कारण नाही. दमले तर सांगता येतं."

सुनेनं मग खाली ठेवला. ती रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं. ती खड्ड्यात उतरली आणि म्हणाली, "सरका. पाय काढा तिथून, नाहीतर तुमच्यावरच कुदळ पडेल आणि तेही माझ्याच नावावर जाईल."

आम्ही दोघींनी अर्धा तास हिसके मारले. दांडाच नव्हता, धरायचं काय? मग मला सुचलं. मी रुग्णवाहिकेच्या चालकाकडून जॅक आणि साखळी आणली. साखळी मुळाभोवती घातली, खड्ड्यावर दोन फळ्या, फळ्यांवर लोखंडी आडवा बार, त्याला साखळीचं दुसरं टोक, आणि एका बाजूला त्याच्याखाली जॅक. चालक चहाचा कप घेऊन बघायला आला.

"पेशंट कोण?" त्यानं विचारलं.

"मूळ," सून म्हणाली. "नातेवाईक त्या बाजूला बसलेत."

आत्या हसल्या नाहीत, पण त्यांनी पदरानं तोंड पुसायला जरा जास्त वेळ घेतला. जॅक चढत गेला. जमिनीखाली काहीतरी फुटल्यासारखे आवाज आले, आणि शेवटी मूळ सावकाश वर आलं, मातीसकट, आमच्या सगळ्यांपेक्षा जड. पाच रोपांतली दोन आधीच गेली होती. तीन आम्ही परत लावली, पण त्यांच्यात जीव धरण्याइतके दिवस नव्हते.

मोजणीच्या दिवशी अधीक्षक कागद घेऊन आले. त्यांनी ओळीनं मोजलं. एकोणीस हिरवी. कोपऱ्यात तीन काड्या, दोन जागा रिकाम्या.

"एकोणीस," ते म्हणाले. "पाण्याचं सांगितलं होतं ना हिला?"

सून जमिनीकडे बघत होती. आत्या भिंतीला धरून पुढे आल्या.

"पाणी बरोबर होतं साहेब. ते मी खोटं बोलले. जुनं मूळ मी आत ठेवलं होतं, वरून माती टाकली. हिला माहीत नव्हतं. ही जी एकोणीस दिसतात ती हिची. जी पाच गेली ती माझी."

"माझीही चूक आहे सर," मी म्हटलं. "न बघता मी खूण केली."

अधीक्षक मग सुनेला म्हणाले, "तू त्याच वाफ्यात सहा आठवडे काम करतेस. खाली काय आहे ते तू का नाही बघितलंस?"

"आत्यांनी केलेलं काम मी तपासत नाही," ती म्हणाली.

"यापुढे तपासायचं," ते म्हणाले. "कोणाचंही असो. आणि पाच रोपं परत मागव." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, आणि गेले.

आत्यांनी मला हळूच विचारलं, "यापुढे म्हणजे काय हो?"

"म्हणजे ठेवलं तिला. यापुढे तीच आहे."

"मग तसं बोलायला काय झालं होतं?"

त्या हप्त्याहप्त्यानं खाली बसल्या. आधी हात, मग उजवा गुडघा. सुनेनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या खड्ड्यापाशी गेली. दोन रोपांच्या मधे पहार उभी धरून तिनं ती जमिनीत खुपसली, काही लागतं का ते बघितलं, काढली, पुढे सरकली.

"तो मी काढलाय," आत्या तिकडून म्हणाल्या. "नीट काढलाय."

"बघते ना," सून म्हणाली, आणि दुसऱ्या खड्ड्यात पहार घातली.

आत्यांनी डावा पाय लांब केला, पट्टा सैल केला, आणि अकराही खड्डे होईपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या.