लोकल नावाला अर्धा मार्क

पाणवनस्पती ओळखायला गेलेला माणूस कोरडा परत येत नाही. चप्पल चिखलात राहते, किस्सा तेवढा बरोबर येतो. सन साठच्या आसपास यवतमाळला आम्ही बी.एस्सी.ला होतो आणि बॉटनीचे घाटे सर दर रविवारी आम्हाला कुठल्यातरी तळ्यात उतरवत. ते किस्से इतके साठलेत, की मी एखादा सुरू केला की बायको उठून भाजी फोडणीला टाकते!

आमच्यात उकंडा राठोड होता, नेरकडच्या तांड्यावरचा. घाबरला की त्याला काही आठवत नसे, आणि वर हसू येई! एकदा नापास झालेला. "यंदा गेलास तं वखर धर," असं बापानं बजावलं होतं. आम्ही मजेत होतो. त्याचा बिचाऱ्याचा जीव टांगणीला होता.

*

एकदा सर कमरेइतक्या पाण्यात उभे. काठावर धुणं धुणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "काय हरपलं जी?"

"काही नाही आजी, फूल पाहतोय."

म्हातारी आमच्याकडे वळली. "काहून रे, यायच्या घरी कोणी ध्यान देत नाही का?"

*

कमळ आणि कुमुद यांत आमचा कायम घोळ. सर म्हणाले, "कुमुदाच्या पानाला चीर असते. कमळाचं पान अखंड असतं."

आमच्या वर्गातल्या शालिनीनं दुसऱ्या दिवशी घरचं लक्ष्मीचं कॅलेंडरच आणलं. देवी कमळात उभी, भोवती चीर असलेली पानं!

सरांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "देवी बरोबर आहे," म्हणाले, "पानं चुकली."

*

राळेगावहून येताना एसटीत शालिनीच्या मांडीवर पिकलेल्या पाणकणसांची जुडी होती. गाडी खड्ड्यात आदळली, कणसं फुटली आणि कापूसच कापूस! लोकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

कंडक्टर शांतपणे म्हणाला, "बाई, कापसाची गाडी निराळी जाते." आणि लगेजचं तिकीट फाडलं.

*

नाल्याकाठी गुलाबी फुलांची एक झुडूपवजा वनस्पती माजते. कितीही तोडा, पुन्हा फुटते. म्हणून आमच्याकडे तिचं नाव बेशरम. एकदा सर घसरले आणि तिचीच फांदी धरून लटकले.

उकंडा म्हणाला, "सर, बेशरमनं वाचवलं तुम्हाले!"

सर लटकल्या लटकल्या म्हणाले, "लोकल नाव. अर्धा मार्क." तेव्हापासून तो नियमच झाला.

*

मग फायनलचं प्रॅक्टिकल आलं. एक्स्टर्नल परीक्षक पुण्याचे, विदर्भात पहिल्यांदाच आलेले. उकंडाचे मार्क पासाच्या काठावर, अर्ध्या मार्कासाठी अडकलेले आणि शेवटचा प्रश्न उरलेला. त्यांनी त्याच्यापुढे गुलाबी फुलांची फांदी धरली.

"ओळखतोस?"

"हो सर. आमच्या वावराजवळच हाये."

"नाव?"

उकंडाला घाम फुटला. "येऊन नाही राह्यलं, सर."

"बरं, फॅमिली?"

"सगळी तांड्यावरच असते, सर."

आणि आलं ना त्याला हसू! आम्ही दाराशी कपाळावर हात मारला. गेला वखरावर!

एक्स्टर्नलनी टेबलावर हात आपटला. "नाव येत नाही आणि वर दात काढतोस? बेशरम!"

उकंडा उडालाच. "बरोब्बर, सर! तेच! कवापासून जिभेवर होतं!"

एक्स्टर्नलनी शेजारी इंटर्नल म्हणून बसलेल्या घाटे सरांकडे पाहिलं. सरांनी फांदी उचलली, पान उलटसुलट करून बघितलं.

"नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "लोकल नावाला आम्ही अर्धा मार्क देतो. ह्याला देऊ, की तुम्हाला?"

एक्स्टर्नल हळूच खुर्चीत बसले.

"ह्यालाच द्या," म्हणाले.