खंडेनवमीचं ढेकूळ

मच्छिंद्रच्या ट्रॅक्टरला नांगरायला रान उरलं नव्हतं. पुण्यात विश्रांतवाडीच्या पलीकडचं त्याचं गाव महापालिकेत गेलं आणि शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर विकायचा विषय निघाला की त्याची बायको मैना ताटावरून उठून जायची. तेवढ्यात गावच्याच रस्त्याचं काम निघालं. तिथली काळी चिकणमाती पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. वरचं डांबर टिकेल कसं? आधी तिच्यात चुना आणि मग सिमेंट कालवून तिची खोड मोडायची होती. त्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडून माती घुसळणारा रोटाव्हेटर हवा होता आणि तो मच्छिंद्रकडे होता. हे काम टिकलं तरच ट्रॅक्टर दारात राहणार होता.

पहिल्या दिवशी त्याने चुना कालवला. साइटवरच्या इंजिनिअर नम्रता म्हणाल्या, "आज असंच राहू द्या. रात्रभर मुरू दे." मच्छिंद्र खूश झाला. नांगरलेलं रानही तो असंच तापू द्यायचा. हे तर घरचंच काम निघालं.

दुसऱ्या दिवशी सिमेंट कालवलं. माती इतकी भुसभुशीत झाली की कुणालाही पेरावंसं वाटावं. नम्रता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या, आणि रोलरवाला आला. असल्या रानावर रोलर फिरवणं मच्छिंद्रच्या जिवावर आलं.

"उद्या ये रं. मुरू दे की जरा," म्हणत त्याने त्याला परत धाडलं. रोलरवाल्याला काय, आयतीच सुट्टी मिळाली.

चुन्याला धीर असतो, सिमेंटला नसतो. कालवल्यावर ते लगेच दाबून घ्यावं लागतं. सकाळपर्यंत सगळा पट्टा दगडासारख्या ढेकळांचा झाला होता.

नम्रतांनी एक ढेकूळ बुटाने हलवून पाहिलं. "मच्छिंद्रराव, पेरणी कधी करताय?"

ट्रॅक्टर गेला, एवढंच मच्छिंद्रच्या डोक्यात होतं. तोच ठेकेदाराचा फोन आला आणि नम्रता त्याच्यासमोरच बोलल्या, "चूक माझी आहे. सिमेंट थांबत नाही हे मी यांना सांगितलंच नव्हतं. पट्टा परत करतोय. माणूस हाच राहील." फोन ठेवून त्या मच्छिंद्रकडे वळल्या. "आता बघत काय बसलात? उखडा."

एवढे उपकार करायचे आणि वर खेकसायचं, ही पुण्याचीच रीत. मच्छिंद्रचे डोळे भरून आले. त्या दिवशी त्याने पट्टा उखडून पुन्हा सिमेंट कालवलं, आणि या वेळी रोलर पाठीला लावूनच काम उरकलं.

पावसाळाभर रस्ता जागचा हलला नाही आणि ट्रॅक्टरला पुढचं काम लागलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, त्यासाठी मच्छिंद्रने नम्रतांना घरी बोलावलं. मैनेने पूजेचं ताट त्यांच्याच हाती दिलं. तो मान घरच्या लेकीचा. रोटाव्हेटरला कुंकू लावताना त्यांना झेंडूच्या फुलांत मांडलेलं एक राखाडी ढेकूळ दिसलं.

"हे काय?"

"तुमची चूक हाय ती, मॅडम," मच्छिंद्र म्हणाला. "तुम्हीच म्हणला व्हता. तिच्यामुळंच ट्रॅक्टर दारात ऱ्हायला."

नम्रतांनी बोटाला उरलेलं कुंकू ढेकळाला लावलं.