जितं कुठं पाहिलं

गंगाखेडातून कुणी मुंबईला किंवा कोकणात निघालं, की सुलोचनाबाई त्याला स्टँडवर गाठायच्या. "येताना शंखशिंपले आण. नटवे नको. फुटके, भोकं पडलेले आण." लोक हसायचे. बाई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, पन्नाशीला आल्या होत्या, आणि समुद्र त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता.

माझी त्यांची गाठ मोठा दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षी पडली. मी रत्नागिरीकडची, शाळा पाचवीतच सुटलेली. नवऱ्याला एस.टी.त कंडक्टरची नोकरी इकडे लागली. बोलणं कळेना, करमेना, म्हणून मी दार लावून बसायची. एकदा शेजारच्या घरात राहणाऱ्या सुलोचनाबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय करायलीस गं, कोकणे? रडायलीस?"

मी नाही म्हणाले.

"मग ये हिकडं. तुझ्या माहेरची माणसं हायेत माझ्याकडं."

माहेरची माणसं म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातले शंखशिंपले. प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी, तिच्यावर दोन ओळी: कुणी आणलं, जितं कुठं पाहिलं. दुसरी ओळ सगळ्यांची कोरी. भरलेली एकच, नदीतल्या शिंपल्याची: गोदावरी, गंगाखेड.

लहानपणी मी असले ढीगभर वेचले होते, पण नीट बघायला लावलं ते बाईंनी. कवडी उलटी करून म्हणायच्या, "फट बघ केवढीशी. वरून दात. खेकड्याची नांगी जाईल का आत? अकल बघ." एकदा काटेरी शंख हातात देऊन मला मूठ आवळायला लावली. टोचलं. "माशाला बी असंच टोचतंय." गोल भोक पडलेली शिंपली मात्र त्या कितीतरी वेळ हातातच धरायच्या. "हिला समुद्रातल्या गोगलगाईनं पोखरून खाल्लं. हिचा इलाज चालला न्हाई."

डब्यात टोपीसारखं एक बसकं कवच होतं. आमच्याकडे खडकांना असली शेकडो चिकटलेली असतात. बाई म्हणाल्या, "लाट हिच्यावरनं घसरून जाती. ही चरायला जाती न् परत आपल्याच जागी येऊन बसती. त्या खडकाच्या मापानं हिचा काठ वाढलेला असतोय."

"आणि कुणी उचलून दुसऱ्या खडकावर ठेवली तर?"

"मग फटी राहत्यात. ऊन लागतंय. पर टिकली, तर काठ बसतोय नव्या खडकाला." त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. "वेळ लागतोय, पोरी."

त्यानंतर माझं दार दिवसा उघडं राहू लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी निघाले, तेव्हा बाई चाचरत म्हणाल्या, "मी येऊ का गं? ती टोपी खडकावर जिती बघायची हाय. दोनच दिवस." मी हो म्हणाले आणि भावाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं: "बाई कोणत्या समाजाच्या, ते कळव."

बाई बौद्ध होत्या. त्यांच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मी वर्षभर त्यांच्या हातचं जेवले होते. मी भावाला उत्तर लिहिलंच नाही. बाईंना सांगितलं, "घराची कौलं उतरवलीत. यंदा जागा नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यात उतरवत्यातच कौलं. जा तू. मेलेलंच आण. जित्याला हात लावू नको."

येताना मी एक शंख आणला, अंगावर आडवा वळ असलेला. बाईंनी चष्मा पुसून पाहिला. "खेकड्यानं फोडलंय. आतनं लिंपून घेतलं ह्यातल्या गोगलगाईनं, न् फुडं वाढली. लय जिद्दीची." चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता विचारलं, "कौलं बसली का गं नीट?"

मी खरं सांगायचं ठरवून आले होते.

"बसली," मी म्हणाले.

दिवाळीच्या आधी बाई काविळीनं गेल्या. परभणीच्या दवाखान्यात मी त्यांना दोनदा भेटायला गेले होते. दोन्ही वेळा खरं ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा त्यांनीच आधी विचारलं, "जेवलीस का?"

नंतर त्यांच्या भाचीनं डबा आणून दिला. "मावशी म्हणली, हे कोकणीला द्या."

टोपीची ती चिठ्ठी अजून आहे. दर उन्हाळ्यात मी ते जीव आमच्या खडकावर जिवंत बघते. परत आले की दुसऱ्या ओळीवर गावाचं नाव लिहायला पेन उघडते, आणि तसंच मिटून ठेवते. ते नाव बाईंनी लिहायचं होतं.