पुस्तकातला ओकुमू

केनियातल्या किसुमू शहराच्या न्यालेंडा वस्तीत अकेलोबाई ओमेना मासळी तळून विकायची. तिचा एकुलता एक ओकुमू घरात कॉम्प्युटरवर परदेशातली कामं करायचा, तीही दुसऱ्याच्या नावानं. तिकडची कंपनी इथल्या पोरांना खातं उघडू देत नसे, म्हणून त्यानं अमेरिकेतल्या कुणा ब्रायनचं खातं भाड्यानं घेतलं होतं. राबायचं ओकुमूनं आणि शाबासकी ब्रायनला. असला उफराटा न्याय!

"ब्रायनसाहेब, मक्याची उगाली थंड होतेय! की गोऱ्यांच्या घशाखाली उतरत नाही?" आई हाक मारायची.

"मासळी घाल म्हणजे उतरेल," तो आतून ओरडायचा.

विद्यापीठातल्या डॉक्टर अवुओर अशाच पोरांवर पुस्तक लिहीत होत्या. बाई अकेलोच्याच भाषेतली, साधी. येऊन बाकावर बसायची, प्रश्न विचारायची. एकदा ओकुमू म्हणाला, "ताई, पुस्तकात माझं खरं नाव घाला हं. एका तरी कामावर असू दे."

"बघू रे," म्हणत त्या हसल्या. अकेलोनं मात्र ते खरं धरलं आणि गल्लीभर सांगत सुटली.

पुढं कंपनीला सुगावा लागला, खातं बंद झालं. ओकुमूनं भाड्याची मोटारसायकल धरली, सवाऱ्या नेऊ लागला. पावसात त्याला ट्रकनं उडवलं, जागीच गेला. लग्न नव्हतं, मूल नव्हतं. आणि त्यांच्या जमातीत असं, की मूलबाळ न होता गेलेल्याचं नाव कुणी नव्या बाळाला ठेवत नाही. ते माणसाबरोबरच मातीत जातं. अकेलोला हेच सलत होतं.

वर्षानं अवुओरबाई पुस्तक घेऊन आल्या. शेजारणी गोळा झाल्या. अकेलोनं हात पुसले. लेकाचं नाव तेवढं तिला वाचता यायचं. तिनं पानामागून पानं उलटली.

"कुठाय गं माझा ओकुमू?"

अवुओरनी एका पानावर बोट ठेवलं. "हा बघा, आई. इथं त्याला डेव्हिड म्हटलंय. असल्या अभ्यासाच्या पुस्तकात नावं बदलायचा नियम आहे. पोरांना कुणी त्रास देऊ नये, त्यांचं काम जाऊ नये, म्हणून."

"आता त्याला कोण त्रास देणार, बाई?"

अवुओरना रडू फुटलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं, डेव्हिडवर काट मारली आणि वर ओकुमू लिहिलं. अकेलोनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

मग तिनं विचारलं, "आणि बाकीच्या पुस्तकांत?"