कान शिकवणारे सर

सर वर्गात आले की आधी स्वतःच्या कानाची पाळी ओढायचे. "हा कान नव्हे. हा नुसता दरवाजा. खरा कान आत हाय." सायखेडा या त्यांच्या गावचा तो 'हाय' नाशिकच्या मेडिकल कॉलेजात शेवटपर्यंत टिकला.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल तर आठवेल, कान शिकताना भल्याभल्यांना झोप येते. सर मात्र कानातलं सगळ्यात लहान हाड बोटाच्या टोकावर ठेवून बाकांमधून फिरायचे. "श्वास रोखा, उडंल. बाळ जन्मतं तेव्हाच हे पुरतं वाढलेलं असतं. ऐकायची तयारी आधीच झालेली." आम्ही हसायचो आणि नेमकं तेच लक्षात राहायचं.

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागलो. त्या सुमारास सरांना नात झाली, सई. वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. एके दुपारी मुंबईहून आणलेली तिच्या तपासणीची फिल्म सरांनी व्ह्यू बॉक्सवर लावली.

"बघ आणि सांग."

मी बराच वेळ बघितलं. आतला शंख नीट होता. तिथून मेंदूकडे जाणारी नस दोन्ही बाजूंना नव्हती.

"नस दिसत नाही, सर."

"मलापण नाय दिसली. म्हटलं, आपलीच नजर चुकत असंल."

कानात ऐकायचं मशीन बसवूनही उपयोग नव्हता. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, हाच त्रास होता.

त्यानंतर वर्गात ते नसेपाशी आले की खडू खाली ठेवायचे. "पुढचं तू घे," म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

एकदा नाशिक रोडला त्यांच्या घरी गेलो होतो. सई अंगणात पाठमोरी खेळत होती. सरांनी दारातून हाक मारली. ती खेळतच राहिली.

"रोज एकदा मारतो," ते म्हणाले. "काय होणार ते मला ठाऊक हाय. तरी मारतो."

सर झटक्यानं गेले तेव्हा सई शाळेत जायला लागली होती. भेटायला गेलो, तर ती येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती.

"आजोबा कुठे गेले, सारखं खुणेनं विचारतेय," सरांची सून म्हणाली. "मला नाही सांगवत. तुम्ही सांगता का?"

मी खाली बसलो. सईनं तळहात माझ्या गळ्यावर ठेवला.

"आजोबांनीच शिकवलंय तिला," सून म्हणाली. "बोललेलं हाताला लागतं म्हणायचे."

माझ्या गळ्यातून आवाजच निघेना. ती हात तसाच ठेवून वाट बघत राहिली.