ताईची दुसरी गोधडी

कार्तिकातल्या एका मंगळवारी माझी ताई तापाने गेली. तिला माती देऊन परतल्यावर भाऊजींनी घराचे दार आतून लावून घेतले.

त्या दाराला कडी आहे हे मला त्या दिवशी कळले. ख्रिस्ताचा उपदेश ऐकून मान डोलावणारी माणसे मी अकोल्यात आणि अमरावतीत पुष्कळ पाहिली. तो उपदेश चुलीपर्यंत, खुंटीपर्यंत, अंथरुणापर्यंत आणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा होता.

लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरापासून दूर, दोन खोल्यांत बिऱ्हाड केले. भाऊजी मिशनच्या शाळेत गणित शिकवत. आपल्याकडे दोन असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्यावे, ही शिकवण त्यांना गणितासारखीच सरळ वाटली. त्यात समजून घ्यायचे असे काही नव्हते, फक्त करायचे होते. घरातल्या दोन खुर्च्यांपैकी एक शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाकडे गेली. तेव्हापासून पाहुणा आला की तो बसे आणि भाऊजी उभे राहून बोलत. पाहुण्याला लाज वाटून तो लवकर उठे. दोन छत्र्यांतली एक गेली, दोन कंदिलांतला एक गेला. कोणी बोलले तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "मले दोन काहून पाहिजेत? मी एकटाच तं आहो." आपण एकटे नाही, घरात बायको आहे, हे त्यांच्या हिशेबात येतच नसे. एकदा कापसाच्या बाजारात एका हमालाने त्यांना चोर समजून थोबाडीत मारली. भाऊजींनी गंभीरपणे दुसरा गाल पुढे केला. हमाल इतका घाबरला की डोक्यावरचा बोजा तिथेच टाकून पळाला, आणि भाऊजी तो बोजा घेऊन त्याला बाजारभर शोधत हिंडले.

शेजारी एक पिंजारीण राहत असे. सगळे तिला खाला म्हणत. ती लोकांच्या गाद्यागिरद्यांचा कापूस पिंजून देई, आणि जिभेनेही माणसांना तसेच पिंजून काढी. ती एकदा भिंतीवरून म्हणाली, "मास्टर, जूते बी तो दो हैं. एक मेरेकू दे देव." भाऊजी हसले नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी सांगितले, "खाला, जोडा म्हंजे एकच वस्तू झाली. पण तुमी इचारलं ते बरं केलं." पुढे कितीतरी दिवस खाला ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत होती.

ताईने यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. तिला मिळालेली दुसरी वस्तू ती आमच्याकडे आणून ठेवी: दुसरे लुगडे, दुसरा गडवा, दुसरे पातेले. बाटलेल्या घरच्या वस्तू म्हणून आई त्या स्वयंपाकघरात घेत नसे, पण पडवीत झाकून ठेवी आणि दिवाळीला पुसून काढी. ताई म्हणे, "राहू दे इथं. त्यायच्या डोयासमोर आली की गेली." त्या वस्तूंत एक गोधडी होती. आईने आपल्या जुन्या लुगड्यांची ती शिवली होती, आणि मुलगी धर्म सोडून गेल्यानंतर तिच्यासाठी केलेली ती एवढीच गोष्ट होती.

मग ती तापाची साथ आली. आधी खालाचा मुलगा गेला, आणि त्याचे अंथरूण-पांघरूण जाळून टाकावे लागले. मग ताई पडली. थंडी भरून आली तेव्हा तिने मला सांगितले, "बाबू, आईची गोधडी घेऊन ये." मी ती नेऊन घरातल्या जुन्या गोधडीवर घातली. ताईने तिच्यात तोंड खुपसले आणि बऱ्याच वेळाने तिला झोप लागली.

दुपारी भिंतीपलीकडून खालाचे कण्हणे ऐकू आले. तीही तापली होती, आणि तिच्या अंगावर पोते होते. भाऊजी बाजेशी येऊन उभे राहिले. ताईने डोळे उघडले आणि त्यांची नजर कुठे आहे ते पाहिले.

"जुनी द्या," ती म्हणाली. "आईची राहू द्या मले."

"फाटकी देणं म्हंजे देणं नोहे, वो."

"मी मागून राहिली ना."

भाऊजींनी आईची गोधडी उचलली, घडी केली आणि नेली. ताईने कूस बदलली. मी काही बोललो असतो, पण तिनेच हाताने मला गप्प केले.

खाला वाचली. एका गोधडीने ताई वाचली नसती असे डॉक्टर म्हणाले, आणि ते खरेही असेल.

त्यानंतर भाऊजी पूर्वीसारखेच देत राहिले. उरलेली खुर्ची गेली, उरलेला कंदील गेला, शेवटी ती जुनी गोधडीही गेली. फक्त 'मले दोन काहून पाहिजेत' हे वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकले नाही. दर रविवारी प्रार्थनेनंतर ते आमच्या पडवीत येऊन ताईच्या वस्तूंजवळ बसत. त्यांतली एकही त्यांनी कधी मागितली नाही.

ते आजारी पडले तेव्हा घरात पांघरायला धोतराशिवाय काही नव्हते. मी पोचलो त्याच्या मागोमाग खाला आली. तिच्या काखेत आईची गोधडी होती. भाऊजींनी मान हलवली. "ते तुमची आहे, खाला."

"मेरे पास दो हैं, मास्टर. तुम्हारे पास एक बी नहीं. अब बोलो, क्या बोलते?"

खालाने गोधडी त्यांच्या अंगावर पसरली आणि लहान मुलाच्या खोचतात तशी पायाशी खोचली. त्यांनी तिचा काठ हातात धरून पाहिला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिनं मागतली होती."

ते गेल्यावर खालाने गोधडी धुऊन, उसवलेल्या जागी टाके घालून माझ्याकडे आणून दिली. आता ती माझ्या बाजेवर असते. माझ्या घरात तिच्याशिवाय आणखी एक गोधडी आहे.